डावं कोपर

रविवार, १ मार्च

छोटी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत. फोन का नाही केला म्हणशील, तर तुझ्या फोनमध्ये आता काही राम राहिलेला नाही. तू नुसती पुटपुटतेस, मागे तुझ्या नवऱ्याची घड्याळं ठणठणत असतात आणि मी ‘हो, हो’ म्हणून ठेवून देते. म्हणून हल्ली मी उचलतच नाही. रागाने नाही. राग आहे, पण तो वेगळा.

आज वर्षातली पहिली पक्ष्यांची फेरी झाली. तुला सांगणार नव्हते, पण दुसऱ्या कुणाला सांगू? घरात आता माझ्याशी बोलायला फक्त फ्रिज उरलाय, आणि तोही मधूनमधून.

उजाडता उजाडता तळ्याच्या फाटकाशी जमलो. आल्या आल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, “छोटी मावशी कुठायत?” मी प्रत्येकाला सांगितलं की, तिने या वयात लग्न केलं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधुराशी, आणि सहा वर्षं माझ्या घरात राहून झाल्यावर एका सकाळी बॅग उचलून परगावी गेली. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी तोंडात बोटं घालेल. सगळे म्हणाले, “अरे वा!”

पक्षी मात्र नाहीत. खरंच सांगते. बांधाजवळच्या ज्या झुडपात दरवर्षी त्या चिमुकल्या चष्मेवाल्या पक्ष्यांचा नुसता गोंधळ असायचा, तिथे यंदा शुकशुकाट. कावळे ओरडतात, पारवे घुमतात, सुतार त्याच्या वाळक्या खोडावर ठोकत होता. बाकी वसंताने तोंडच उघडलेलं नाही. एकतर ते मोबाइलचे मनोरे, नाहीतर पलीकडच्या इमारतींमधली माजलेली मांजरं. दुसरं काय असणार?

आणि तोफखाना! आठवतो ना? जन्मभर विम्याच्या कचेरीत बसला आणि निवृत्त झाल्यावर रानात लपायचं जाकीट शिवून घेतलं. यंदा त्याची लेन्स आणखी लांब झाली आहे. ती रोखली की झुडपातला पक्षी हात वर करून बाहेर येईल असं वाटतं. तर हे महाशय एका झाडाखाली थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! काय गातोय!”

मी विचारलं, “कोण?”

“फुलटोच्या, ताई. केव्हाचा चिकचिकतोय की!”

लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. छोटी, तिथे काहीही नव्हतं. पान हललं नव्हतं. पण एकाने ‘वा’ म्हटलं की बाकीच्यांना ‘वा’ म्हणावंच लागतं. आपली वरच्या मजल्यावरची दाताची डॉक्टर एरवी शहाणी मुलगी आहे, तीही म्हणाली, “गोड आहे नाही, मावशी?” मी म्हटलं, “हो, फार.” काय करणार?

फोटो एकही धड नाही. कावळ्याचा एक आहे, त्यात कावळा माझ्याकडे कीव केल्यासारखा बघतोय.

एक सुख मात्र झालं. माझं डावं कोपर मोकळं राहिलं. इतकी वर्षं तू कायम माझ्या डावीकडे, आणि मी जरा कुठे रमले की तुझी बोटं कोपराला. इकडे वळ, तिकडे वळ. जणू मी नळ आहे.

ताई

बुधवार, ११ मार्च

छोटी,

दाताच्या डॉक्टरकडे तू निरोप दिलास म्हणे. “ताईला सांग, मी लग्नाचं तिला आधी सांगितलं होतं आणि ती ‘बरं’ म्हणाली होती.”

परक्या मुलीने माझ्या दारात उभं राहून हे मला ऐकवावं! आणि तेही दोनदा, कारण पहिल्यांदा ती मास्क लावून बोलत होती.

कधी सांगितलंस? मला तारीख नको, वार नको, नुसता प्रसंग सांग. बहिणीने लग्न ठरवलंय हे ऐकून मी ‘बरं’ म्हणेन? मी पडदे धुवायला टाकायचे का यावरसुद्धा अर्धा तास बोलते! मला कळलं ते तू कपाटातून तुझे स्वेटर काढत होतीस तेव्हा. मी विचारलं, “थंडी तर अजून लांब आहे.” तू माझ्याकडे असं पाहिलंस की, मी जणू तुला घराबाहेर काढतेय. आणि मग मी जे बोलले ते बोलले. घड्याळवाल्याला ‘तो किल्ली देणारा’ म्हणाले, तुला ‘या वयात लाज नाही’ म्हणाले. तू नुसती बॅगेची चेन लावलीस.

ते असो. तुझ्यामुळे माझ्यापुढे वेगळंच संकट उभं राहिलंय, ते ऐक.

परवा मंडळी माझ्याकडे चहाला जमली. लायब्ररीतलं आपलं वसंतातल्या पक्ष्यांचं प्रदर्शन एप्रिलमध्ये आहे, त्याचं ठरवायला. चहा झाल्यावर तोफखाना खाकरला. तो खाकरला की समजावं, काहीतरी गोड शब्दांत गुंडाळून येतंय.

“ताई, तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे चालताय. आता थोडा आराम करा. मागून चाला. निवांत.”

“मागून चालून मला काय दिसणार? तुमची पाठ?”

“तसं नाही हो. पुढच्याने हात वर केला की आपण थांबायचं, हा आपला नियम. पण यंदा हात वर होतच नाही.”

“पक्षीच नाहीत, तर हात कशाला वर करू? व्यायाम म्हणून?”

सगळे हसले. तो नाही हसला. दाताची डॉक्टर कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग तो म्हणाला, “पुढच्या फेरीत बघू. तेव्हाही नाही जमलं, तर मी पुढे होईन. चालेल?”

चालेल म्हणे! ही फेरी कुणी सुरू केली? आपण दोघींनी. तेव्हा तो विम्याचे हप्ते मोजत होता. तळ्याकाठची ती वाट माझ्या पायांना पाठ आहे. माझे ‘हे’ गेल्यानंतर त्या वाटेनेच मला सकाळी उठायला लावलं, तुला माहीत आहे. ती वाट त्या जाकिटाच्या मागून चालायची?

तू असतीस तर एका वाक्यात त्याला गप्प केलं असतंस. पण तू तिकडे किल्ल्या देत बैस.

ताई

रविवार, २२ मार्च

छोटी,

आज जे झालं ते तुला सांगू की नको, असं करत मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला.

मीच पुढे होते. हवा छान होती. वाटेवर ऊन पानांतून गळत होतं आणि मला आपली शाळा आठवली. कॉन्व्हेंटमधून बागेकडे निघालेली दोघी-दोघींची रांग. “मोठीने धाकटीचा हात धरायचा, आणि चालताना बोलायचं नाही.” सिस्टरचा तो घंटेसारखा आवाज. तुझा हात कायम घामेजलेला असायचा, मला शिसारी यायची, म्हणून तू माझं कोपर धरायला लागलीस. आणि बोलायचं नाही म्हणून आपण कोपराची भाषाच काढली. हलकं दाबलं की उजवीकडे बघ. चिमटा काढला की सिस्टर येतेय. त्या माळ्याच्या बदकाला पिल्लं झाली होती, ती रांगेतल्या सगळ्या मुलींमध्ये आपल्या दोघींनाच दिसली, कारण बाकीच्या सरळ पुढे बघत चालत होत्या.

हे सगळं मी चालता चालता मागच्या मंडळींना सांगत होते. बोलायचं नाही हा नियम मीच केलेला, मीच मोडला, कबूल. पण पक्षी नाहीतच म्हटल्यावर कुणाला त्रास होणार होता? मी बदकाच्या पिल्लांपर्यंत आले, आता हसतील म्हणून थांबले. कुणी हसलं नाही. मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

वाट पूर्ण रिकामी. पार वळणापर्यंत. मी किती वेळ एकटीच बोलत चालले होते, कोण जाणे. परत गेले तर सगळे बांधाजवळच्या झुडपापाशी माना वर करून उभे. कॅमेरे कटकटतायत. चष्मेवाले! पानापानावर! पिवळे, गोलमटोल, डोळ्यांभोवती पांढरं कडं. मी त्यांच्या खालून, अगदी नाकाखालून, निघून गेले होते.

“हाका मारल्या नाहीत?” मी विचारलं.

“मारल्या की, मावशी,” दाताची डॉक्टर म्हणाली. “हळू आवाजात. पक्षी उडू नयेत म्हणून.”

“मग जरा जोरात मारायच्या!”

त्याबरोबर सगळे चष्मेवाले उडाले. माझ्या ओरडण्याने. तोफखाना माझ्याकडे वळला. तो काहीतरी बोलेल, मग मीही बोलेन, अशी मी तयारी केली होती. पण त्याने पिशवीतून बाटली काढली आणि मला पाणी दिलं. मला त्याचा इतका राग आला, छोटी! भांडला असता तर बरं झालं असतं.

परतताना मी मागून चालले. त्याची पाठ रुंद आहे.

ताई

शनिवार, २८ मार्च

छोटी,

हे पत्र सलग वाच. मधे उठू नकोस.

प्रदर्शनासाठी मला या वर्षीचं काही देता येणार नाही, हे उघड होतं. म्हणून म्हटलं, जुन्यातलं द्यावं. कॅमेऱ्यात मी घेतलेल्या त्या हलत्या क्लिपा आहेत ना, त्या लायब्ररीत पडद्यावर लावता येतात म्हणे. माझा हात मंद, पक्षी आला की बटण सापडायचं नाही, म्हणून तूच सांगायचीस, “ताई, आधीच चालू करून ठेव. आलाच तर आयता सापडेल.” त्यामुळे प्रत्येक क्लिपेत आधी नुसती झाडं, झाडं आणि झाडं. कापायला हवीत. दाताच्या डॉक्टरला बोलावलं. ती तिचा कॉम्प्युटर घेऊन खाली आली, टेबलावरचं तुझं अर्धवट विणकाम तिने बाजूला ठेवलं (मी ते हलवलेलं नाही, उगाच काही समजू नकोस, वेळ झाला नाही), आणि आम्ही बसलो.

पहिल्याच क्लिपेत पानं दिसतायत, छान स्थिर, आणि अचानक सगळं चित्र डावीकडे हिसकलं. मग पक्षी.

“बघितलंस?” मी म्हटलं. “ही अशी ढकलायची मला. एक क्लिप धड घेऊ दिली नाही.”

दुसरी लावली. पानं, पानं, हिसका, पक्षी. तिसरीतही तेच. मी चिडून म्हटलं, “बघच तू. प्रत्येकीत हिसका. तुला हे सगळे कापता येतील का?”

ती मुलगी मग म्हणाली, “मावशी, एक गंमत करू? मी डोळे मिटते. पक्ष्याचा आवाज आला की बोट वर करते. तुम्ही पडद्याकडे बघा.”

तिने डोळे मिटले. क्लिप सुरू झाली. मला आपला वाऱ्याचा आवाज येत होता, आणि आपल्याच पायांखालचा पाचोळा. तिने बोट वर केलं. काही नव्हतं. मी म्हणणार, ‘अगं, कशाला थापा मारतेस’, तेवढ्यात चित्र हिसकलं. आणि फुलटोच्या.

पुढची क्लिप. बोट वर. हिसका. वटवट्या.

आणखी एक. बोट वर. हिसका. शिंजीर.

मी आवाज वाढवायला सांगितला. तिने पूर्ण वाढवला. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला, तो मला व्यवस्थित ऐकू आला. पक्षी नाही.

एकीत मात्र चित्र हललंच नाही. तिचं बोट वर, किती वेळ वर, आणि पडद्यावर नुसती पानं. शेवटी मी कॅमेरा खाली घेताना अगदी कडेला तुझी चप्पल दिसते, तू वाकून पट्टा बांधते आहेस. त्या क्लिपेत पक्षी नाही, छोटी. एकही नाही.

ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “चहा करते.” आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. नळ सोडला. आणि नळाच्या आवाजात मला कळलं, तू लग्नाचं मला कुठे सांगितलंस. इथेच ना? ओट्याकडे तोंड करून, भांडी विसळत, पाठ माझ्याकडे? तुला लाज वाटत असणार माझ्याकडे बघून सांगायला. आणि मी मागे टेबलाशी बसून, तू काहीतरी विचारतेयस असं समजून, ‘बरं’ म्हणाले असेन. मी हल्ली सगळ्यालाच ‘बरं’ म्हणते. सोपं पडतं.

अगं, पण माझ्याकडे तोंड करून बोलायचं ना! आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट भांड्यांना सांगतं का कुणी? तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं कोपर धरून वळवत होतीस म्हणजे ठाऊकच होतं. एकदा ‘ताई, कान दाखवू या’ म्हणालीस, मी फटकारलं, की झालं तुझं? दुसऱ्यांदा म्हणायला तोंड दुखत होतं? मला वाटत राहिलं, पक्षी मीच शोधते. मंडळी टाळ्या वाजवायची, “ताईंची नजर!” म्हणायची, आणि तू बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायचीस.

मला तुझा फार राग आलाय. कसला, ते मला नीट सांगता येत नाही.

ताई

गुरुवार, २ एप्रिल

छोटी,

कान दाखवले. समाधान झालं?

एका छोट्या खोलीत बसवतात, काचेच्या खिडकीपलीकडे एक पोरगेलीशी बाई. कानांवर ती जाड झाकणं. म्हणाली, “आवाज आला की बटण दाबा.” मी आपली शाळेतल्यासारखी पाठ ताठ करून, बटणावर अंगठा ठेवून बसले. सुरुवातीला काही जाड आवाज आले, तेव्हा दाबलं, मग पुढच्याची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने ती आत आली. मी म्हटलं, “पुढचं सुरू करा, मी तयार आहे.”

ती म्हणाली, “झालं, आजी.”

आजी! त्यावरच मी भांडणार होते, पण तिने कागदावरची रेघ दाखवली. जाड, घोगरे आवाज मला येतात. कावळे, सुतार, तोफखाना. बारीक आवाज गेले आहेत. हळूहळू गेले म्हणे, एकदम नाही. म्हणून कळत नाही. चष्मेवाले, फुलटोचे, आणि तुझ्यासारख्या चिरक्या आवाजाच्या बायका. यंत्र बसवणार आहेत. थोडं परत येईल, सगळं नाही.

वसंत मुका झाला असं मला वाटत होतं. आता तो सगळा चालूच होता हे कळल्यावर जास्त वाईट वाटतंय की कमी, ते अजून ठरत नाही.

ताई

सोमवार, ६ एप्रिल

छोटी,

कालच्या फेरीत मी फाटकाशीच सगळ्यांना सांगून टाकलं. “मला बारीक आवाज येत नाहीत. कधीपासून, ठाऊक नाही. आतापर्यंतचे पक्षी माझ्या बहिणीने शोधले. टाळ्या परत घेतल्यात तरी चालतील.”

टाळ्या कुणी परत घेतल्या नाहीत. तोफखाना खाकरला. मी म्हटलं, “बोला एकदाचं.” तो म्हणाला, “ताई, तुम्ही पुढेच चाला. वाट तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्या डावीकडे चालतो.”

आणि चालला, बिचारा. पण छोटी, तो माणूस मला असा वळवतो, जणू कपाट सरकवतोय! एकदा तर मी सरळ निवडुंगात जाणार होते. मग दाताच्या डॉक्टरने करून पाहिलं. तिचं धरणं हलकं आहे, पण तिला उशीर होतो. मी वळेपर्यंत फांदी रिकामी. त्यांना शिकवायला गेले, तर मला सांगताच येईना. किती दाबायचं, कधी सोडायचं. शाळेच्या रांगेत शिकलेलं असं कुणाला कसं शिकवणार?

तरी एक फोटो आला. फुलटोच्या, थोडा पुसट, शेपटी कापली गेली. तुला पाठवते आहे. प्रदर्शनात मी तो लावणार नाही. मी ती चप्पल असलेली क्लिप देणार आहे, जिच्यात पक्षी नाही. खाली काय लिहायचं ते तू ठरव.

शेवटची फेरी येत्या रविवारी आहे, आणि त्याच संध्याकाळी लायब्ररी. तू ये. त्यांनाही आण. मी त्यांना काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही. आई असती तर जावई म्हणाली असती आणि मोकळी झाली असती. त्यांना सांग, घरातलं भिंतीवरचं घड्याळ तू गेल्यापासून बंद आहे, बघितलंत तर उपकार होतील. आणि फेरीत यायचं तर खुशाल यावं, फक्त बोलायचं नाही, आणि हातातलं घड्याळ टिकटिक करणारं असेल तर घरी ठेवायचं. बाकीच्यांना ऐकू येतं.

मी नेहमीसारखी लवकर जाईन आणि फाटकाशी तळ्याकडे तोंड करून उभी असेन. यंत्र अजून आलेलं नाही. तेव्हा मागून हाक मारू नकोस. कोपराला हात लाव. मी वळेन.

ताई